सहावं किट

अंबरनाथ,
मंगळवार, २७ जुलै १९९३

ती. उमाताई हिला श्रीपादचा नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारीच आलं. उत्तराला उशीर झाला. माईचा गुडघा बरा आहे, जिने मात्र अजून चढू देत नाही. मीनल शिकवते त्या शाळेत नवे हेडमास्तर आलेत, त्यांच्याबद्दल ती रोज काहीतरी सांगते आणि मी हो हो करतो. घरचं एवढंच.

खरं सांगायचं तर हे तीन दिवस कुणी काही बोललं की मला ते नीट ऐकूच येत नाही. शनिवारी आमच्याकडून विकल्या गेलेल्या एका गाडीला बारवी धरणाच्या रस्त्यावर अपघात झाला. बाई गेली. मालकाची बायकोच. वेणू तिचं नाव. मालक हरिचंद्र, धरणाच्या अंगाला त्यांचा पाडा आहे. थोडी जमीन विकून दोन वर्षांपूर्वी त्याने ही गाडी घेतली आणि पाडा ते बदलापूर अशी माणसांची ने-आण करायचा. तुमची आहे तीच गाडी, तोच रंग. सकाळी नऊला घरून निघाले आणि सव्वानऊला हे झालं.

दुकान उघडतंय तोच फोन आला. शेठ हादरले. आमचे मॅनेजर शंकरराव म्हणाले, "श्रीपाद, तू सर्व्हिसचा माणूस, तू जा, बघून ये काय झालंय." उल्हासनगर कॅम्प पाचच्या दुकानातून मी स्कूटरवर निघालो ते तिथे पोचेपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. काय, ते आज लिहीत नाही.

ताई, वीस वर्षं मी ह्या धंद्यात आहे. मोडलेल्या गाड्या शेकड्यांनी पाहिल्यात. पण त्या आमच्या अंगणात येतात तेव्हा रिकाम्या, धुतलेल्या असतात. ही वळणाखालच्या भाताच्या खाचरात कुशीवर पडली होती आणि माणसं अजून तिथेच होती. वेणूला रस्त्याच्या कडेला निजवून अंगावर कुणाचं तरी लुगडं घातलं होतं. तिची सासू सगुणाबाई उकिडवी बसून तिच्या पावलांचा चिखल पदराने पुसत होती. रडत नव्हती. नुसती पुसत होती, एक पाऊल झालं की दुसरं, मग पुन्हा पहिलं.

मी गाडीखाली वाकून पाहिलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब लोखंडी शाफ्ट असतो ना, तो पुढच्या टोकाला जोडातून सुटला होता. सुटला की तो खाली पडून रस्त्यात रुततो आणि चालती गाडी त्याच्यावर उचलली जाते. डांबरात हातभर लांब चर पडला होता. मी त्या चराशी उभाच राहिलो. एका म्हाताऱ्याने मला धरून दगडावर बसवलं, पाणी दिलं. त्याला वाटलं मी नातेवाईक आहे.

हरिचंद्रच्या मांडीचं हाड मोडलंय, उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये आहे. बाकी चौघं जखमी, जिवावरचं कुणाचं नाही.

तुला हे सगळं कशाला लिहिलं? तुमचीही तीच गाडी म्हणून पेपरात वाचून घाबरशील, म्हणून. तुम्ही निर्धास्त राहा. तुमच्या गाडीचं काम मी मे महिन्यात केलेलं आहे. भाऊजींना मुद्दाम काही बोलू नकोस.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद

*

अंबरनाथ,
सोमवार, १६ ऑगस्ट १९९३

ती. उमाताईस नमस्कार.

राखी वेळेवर मिळाली. मीनलने आठवण केली तेव्हा बांधली, तासाभराने सोडून ठेवली. त्यावरून काही मनात आणू नकोस.

तू विचारलंस, "मे महिन्यात कसलं काम केलंस? हे तर म्हणतात तू नुसतं ऑइल बदललंस." भाऊजींना मीच तसं सांगितलं होतं. आता तू विचारलंच आहेस, तर लिहितो.

एप्रिलमध्ये कंपनीकडून आमच्याकडे एक पत्र आलं. गेल्या दोन वर्षांतल्या काही गाड्यांमध्ये त्या शाफ्टच्या पुढच्या जोडाचे बोल्ट कच्च्या पोलादाचे निघालेत, ओझं आणि चढ-उतार लागला की ते ढिले होऊन तुटू शकतात. तेव्हा यादीतल्या प्रत्येक मालकाला कळवून गाडी बोलवावी, जोड आणि बोल्ट बदलून द्यावेत, आणि काम होईपर्यंत गाडी भरून चालवू नये अशी सूचना द्यावी. सोबत आमच्या भागातल्या एक्केचाळीस गाड्यांची यादी होती. आणि बदलायच्या सामानाची किट आली सहा.

शंकरराव म्हणाले, "एक्केचाळीस जणांना पत्रं टाकली तर एक्केचाळीस जण उद्या दारात उभे राहतील. त्यांना काय दाखवू, हे सहा डबे? बाकीची येऊ देत, मग कळवू." शेठ म्हणाले, "गाडी खराब आहे असं आपणच ओरडत सुटलो तर नवी कोण घेईल?" मी काही बोललो नाही. मालकांना पाठवायची पत्रं टाइप होऊन तयार होती. ती कपाटात गेली.

त्या सहांपैकी एक तुमच्या गाडीला बसलं आहे. म्हणून म्हटलं, निर्धास्त राहा.

पाच तारखेला मी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. जावंसं वाटत नव्हतं. शंकररावांनीच पाठवलं, "माणुसकी म्हणून जाऊन ये, आणि तो काय म्हणतो तेही ऐकून ये." हरिचंद्रचा पाय वजन लावून टांगलेला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ चंदू बसला होता. मला बघून हरिचंद्र उठायला लागला, ताई. माझ्यासाठी, मानाने. चंदूने त्याला दाबून निजवलं.

मी विचारलं, "काही आठवतं का?"

तो म्हणाला, "गारीचा दोष नाय, भाऊ. तुमी चांगली करून दिलेली. माजाच पाय चुकला आसंल. वळनावर बिरेक दाबला का काय केलं, मना काय आठवत नाय. मीच मारली तिला."

मी म्हटलं, "असं बोलू नका."

"चवदा मानसं भरली व्हती. पोलीस पन तेच बोलतान. नऊची गारी, चवदा भरली. माजीच चूक."

चंदू बाहेरपर्यंत सोडायला आला. त्याने सांगितलं, दादा रात्रंदिवस हेच बोलतो, जेवत नाही. पोलिसांनी निष्काळजीपणाची केस घातली आहे, बरा झाला की अटक होईल. वेणू बदलापूरला चष्म्याचा नंबर काढायला निघाली होती. सुईत दोरा जात नाही म्हणून महिनाभर मागे लागली होती.

ताई, मी तिथून परत आलो आणि शंकररावांनी पुढे केलेल्या रिपोर्टावर सही केली. त्यात लिहिलं होतं, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरल्यामुळे आणि देखभालीअभावी शाफ्ट निखळला. चौदा माणसं होती हे खोटं नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. सही करताना पेन धरलं होतं ते माझंच बोट आहे का, असं वाटत होतं.

तू पत्रात असंही विचारलंस की सहा किट होती तर आमचा नंबर कसा लागला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. माईसाठी खालून दूध आणायचं आहे, मीनल हाक मारतेय.

श्रीपाद

*

अंबरनाथ,
रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

उमाताई,

गणपतीत आलो नाही, फोन आला तर मीनलला "घरात नाहीत" म्हणून सांगायला लावलं. घरातच होतो. तू त्यावर चिडून जे पत्र लिहिलंस ते मी दहादा वाचलं. "तू माझ्याशी खोटं बोलतोयस आणि तुला ते जमत नाही," असं लिहिलंस. नाहीच जमत.

शिवमंदिरामागच्या दगडावर बसून हे लिहितोय. घरी माई विचारते काय लिहितोस.

त्या यादीला क्रम होता. माणसं वाहणाऱ्या, परवान्याच्या गाड्या आधी, घरगुती वापराच्या नंतर. कंपनीने तसं स्पष्ट लिहिलं होतं, कारण ओझं त्यांच्यावर जास्त. हरिचंद्रची गाडी सहावी होती. भाऊजींची चौतिसावी.

पहिली पाच किट पहिल्या पाच गाड्यांना बसली, त्या सर्व्हिसला आल्या तशी. सहावं शेल्फवर होतं. एप्रिलच्या शेवटी तुझं पत्र आलं, सुट्टीत सगळे मिळून कोल्हापूरला जातोय, मुलं, भाऊजींचे आईवडील, सगळे एकाच गाडीत, घाटातून. मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे तो शाफ्ट आला. दोन मेला मी भाऊजींना बोलावून घेतलं, ऑइल बदलायचं म्हणून सांगितलं आणि सहावं किट तुमच्या गाडीला लावलं. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. शंकररावांना कळलं तेव्हा ते नुसते हसले, "घरचं माणूस आहे, चालायचंच."

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, ताई. बरं वाटलं. नवी किट आठ-पंधरा दिवसांत येतील असंच सगळे म्हणत होते. ती आली नाहीत.

बारा जूनला हरिचंद्र गाडी घेऊन आला. म्हणाला, "गारी सोरताना खालून खट् खट् वाजते." गाडी सोडताना वाजते म्हणजे तो जोडच, हे मी तेव्हाच ओळखलं. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, स्वतः खाली उतरून पाहिलं. दोन बोल्ट ढिले होते. मी ते आवळले. जेवढे आवळले जातील तेवढे आवळले. वर येऊन जॉब कार्डावर "तपासले, ठीक" असं लिहून सही केली.

वेणू त्या दिवशी बरोबर होती. बाकावर बसून होती, रुमालात जांभळं आणली होती, त्यातली मूठभर मला दिली. तिने विचारलं, "आवाज गेला ना साहेब? मना म्होरंच बसाया लागतं, मागं बसले की मलमलतं."

मी म्हटलं, "गेला."

एवढंच म्हटलं. गाडी भरू नका, असं नाही म्हटलं. ठेवून जा, सामान येईपर्यंत चालवू नका, असंही नाही. ते सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, मग सहावं किट कुठे गेलं तेही. तिने दिलेली जांभळं खाल्ली मी. बेचाळीस दिवसांनी ती त्या रस्त्यावर निजलेली होती.

त्या रिपोर्टावर सही केल्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी कामावर जात होतो, गाड्या तपासत होतो, पण प्रत्येक गाडी खड्ड्यावर आली की हात थांबायचे. यादीतल्या चौतीस गाड्या अजून रस्त्यावर होत्या. त्यातली एक अंबरनाथच्या शाळेतली मुलं नेते, ती रोज आमच्या कॉर्नरवरून जाते. एका सकाळी ती भरलेली गाडी माझ्यासमोरून गेली आणि मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. काय ओरडलो मला माहीत नाही. ड्रायव्हर थांबला, मी त्याला म्हटलं मुलं उतरव, सगळी उतरव आत्ता. त्याने मला दारू प्यालेला समजून आधी शिव्या घातल्या. मग माझ्या शर्टावरचं वर्कशॉपचं नाव पाहिलं आणि मुलं उतरवली.

तसाच वर्कशॉपात गेलो. कपाट उघडलं. पत्रं तशीच होती, पाकिटात, पत्ते घातलेली. ती घेतली, कंपनीचं मूळ पत्र घेतलं, यादी घेतली, माझं ते बारा जूनचं जॉब कार्ड घेतलं. शंकरराव म्हणाले, "श्रीपाद, सही तुझी आहे. आमची कुठेच नाही. विचार कर."

मी म्हटलं, "माझी आहे म्हणूनच."

चौतीस पत्रं पोस्टात टाकली. ज्यांचे पत्ते जवळचे होते त्यांच्याकडे स्वतः गेलो. पुढच्या आठवड्यात वर्कशॉपच्या दारात गाड्यांची रांग लागली, शेठनी मला काढून टाकलं आणि कंपनीच्या मुंबई ऑफिसमधून आठ दिवसांत चाळीस किट आली. इतके महिने जी येत नव्हती ती. परवा कळलं, शेवटची गाडीही झाली.

पण त्याआधी, पोलिसांकडे जायच्या आधी, मी हॉस्पिटलमध्ये गेलो. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

सगुणाबाई आणि चंदू दोघं होते. मी उभ्यानेच सांगितलं. पत्र कधी आलं, सामान किती आलं, त्याचा नंबर कितवा होता, बारा जूनला मी खाली काय पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा उठून बसला. चंदू हळूहळू उभा राहिला, मला वाटलं आता हा मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. सगुणाबाईने त्याचा हात धरला.

हरिचंद्र म्हणाला, "मंजी माजा पाय नाय चुकला?"

मी म्हटलं, "नाही. तुमचं काही चुकलं नाही. शाफ्ट सुटला. ब्रेक दाबून काही झालं नसतं."

तो छताकडे बघत राहिला. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. महिनाभर त्याने तो आत धरून ठेवला होता. सगुणाबाई त्याच्या छातीवर हात फिरवत म्हणत होती, "ऐकलंस ना बाला, तू नाय. तू नाय मारलीस." ती हे म्हणत असताना माझ्याकडे बघत नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "माजं सामान कुनाच्या गारीला लावलं?"

हे मला टाळता आलं असतं. एका गिऱ्हाइकाच्या, म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या. तिची मुलं घाटातून जाणार होती."

"नाव काय तिचं?"

"उमा."

"तिला ठाव हाय?"

"नाही."

"सांगा तिला," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

ह्याला पाच आठवडे झाले. तेवढं सोडून बाकी सगळं केलं. पोलिसांत जबाब दिला, आधीचा रिपोर्ट खोटा होता असं लिहून दिलं. फौजदारांनी कंपनीचं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे एप्रिलपासून तुमच्याकडे होतं?" हो म्हटलं. आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी पुन्हा तपासली आणि बोल्ट कच्चे होते असं लिहून दिलं. हरिचंद्रवरची केस काढून घेतली. चंदूने निरोप पाठवला तेवढाच, दुसरं काही नाही. आता केस शेठवर, शंकररावांवर आणि माझ्यावर आहे. वकील म्हणतात, जॉब कार्डावर माझी सही असल्यामुळे माझं जास्त अवघड आहे. ते बरोबरच आहे.

हरिचंद्र कुबड्यांवर घरी गेला. त्याने मला माफ केलेलं नाही, आणि मी मागितलेली नाही. सगुणाबाईला बाजारात एकदा समोरून पाहिलं. ती थांबली, मी थांबलो, मग ती दुसऱ्या बाजूने गेली.

मीनलला सगळं माहीत आहे. तिने एकच प्रश्न विचारला, "उमाताईंची गाडी नसती तर तुम्ही ते किट हरिचंद्रला लावलं असतं?" मी हो म्हटलं. खरंच लावलं असतं, ताई. मी इतर वेळी नीट काम करणारा माणूस आहे, आणि त्याचा आता काही उपयोग नाही. माईला अजून सांगितलेलं नाही. तिला तुझ्याकडून कळलं तरी चालेल, माझ्याकडून कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला सोसणार नाही.

मला माहीत आहे हे वाचून तुला काय होईल. तू बाहेर जाऊन अंगणातली गाडी बघशील. तू काही केलेलं नाहीस. तुला विचारलंसुद्धा नव्हतं, भाऊजींनाही नाही. तुम्ही कोल्हापूरहून सुखरूप आलात तेव्हा मला जो आनंद झाला तो खोटा होता असं मी अजूनही म्हणू शकत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त भिववतं. मुलांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्यावर हे ओझं नको. तुझ्यावर मात्र टाकतोय, कारण ज्याला विचारायचा हक्क होता त्याने ते तुझ्याकडे पाठवायला सांगितलं आहे.

त्यांच्या घरी जावं की नाही, काही लिहावं की नाही, हे तू ठरव. मी काही सुचवणार नाही. त्या बाईचं नाव वेणू हरिचंद्र. छत्तीस वर्षांची होती.

उत्तराची वाट बघतो, पण उत्तर यायलाच हवं असं नाही. पुढच्या पत्रात मला काय म्हणून हाक मारायची, किंवा मारायची की नाही, ते तू ठरवशील तोवर फक्त

श्रीपाद